दुसऱ्या किल्टचं माप

ईलिंग, १२ जानेवारी

दादा,

फोन तू उचलत नाहीस, व्हॉट्सअ‍ॅपवर मला ब्लॉक केलंयस, म्हणून पत्र लिहितेय. पत्राला ब्लॉक करता येत नाही. फार तर न फोडता रिसायकलिंगच्या डब्यात टाकशील. टाक.

स्वरालीचं लग्न ठरलंय, १४ जूनला. मुलाचं नाव फर्गस. तुमच्याच ब्रिस्टलला इंजिनियर आहे, आईवडील स्कॉटलंडला, पर्थजवळ. उंची सहा फूट दोन इंच, आमच्या किचनच्या दारातून वाकून येतो. मुलगा वाईट नाही, पण फार गोड बोलतो. आणि गोड बोलणारं माणूस समोर आलं की माझा हात आपोआप पर्सकडे जातो, हे तुला सांगायला नको.

मला सल्ला हवाय. नंदूला विचारून उपयोग नाही. लग्नाला छत्तीस वर्षं झाली, प्रत्येक प्रश्नाला त्याचं उत्तर एकच, "जाऊ दे गं, मधू."

झालंय असं, की वराचा पोशाख आपल्याकडून असतो, म्हणून मी फर्गसला सहज म्हटलं, तुझा सूट आमच्यातर्फे. तर तो लाजला, कानापर्यंत लाल झाला आणि म्हणाला, सूट नको, किल्ट शिवला तर चालेल का? मी म्हटलं, न चालायला काय झालं! मनात म्हटलं, किल्ट म्हणजे काय, गुडघ्यापर्यंतचा चौकटीचा घागरा. दीडशे पौंड, फार तर दोनशे.

काल एस्टिमेट आलं. नुसत्या किल्टचे सातशे ऐंशी! त्यात कापडाचे तीनशे दहा आणि शिलाईचे चारशे सत्तर. वर जॅकेट, वेस्टकोट, लोकरीचे मोजे, वेगळे बूट. पुढे लटकवायला एक कातड्याची थैली असते, स्पोरन म्हणतात तिला. आपली चंचीच ती, फक्त एकशेतीस पौंडांची. सगळं मिळून चौदाशे साठ. आणि हाच सगळा थाट दुकानात भाड्याने नव्वद पौंडात मिळतो, मी चौकशी केलीय. बरं, याच्या आजोबांचा किल्ट घरात पेटीत पडलाय, हेही बोलता बोलता त्याच्याच तोंडून निघालं. मग नवा कशाला? बायकोच्या घरचे करतायत म्हटल्यावर हात सैल सोडायचा, असंच ना?

तीस वर्षं कौन्सिलच्या पेरोलमध्ये काढलीत मी. न केलेला ओव्हरटाइम मला वासावरून कळायचा. इथे काहीतरी वास येतोय.

आणखी एक. भटजींनी ईमेलवर फॉर्म पाठवलाय, त्यात 'वधूचे मामा' अशी ओळ आहे. ती मी रिकामी ठेवलीय. नंदूचा मावसभाऊ उभा राहायला एका पायावर तयार आहे, पण स्वराली म्हणाली, "मामा येणार नसेल तर मी बोहल्यावर एकटी चालत जाईन. दुसरा कोणी नाही पायजे." तिचा स्वभाव कुणावर गेलाय, देव जाणे. फॉर्म मार्चअखेर द्यायचा आहे.

वहिनीला विचारलंय म्हणून सांग.

मधू

ईलिंग, २ फेब्रुवारी

दादा,

उत्तर नाही. ठीक. मला तरी कुठे अपेक्षा होती?

किल्टचं ऐक. एस्टिमेटवर लिहिलंय, 'आठ वार, भारी लोकर, हाताची शिलाई.' माझ्या डोक्यात तिथेच ठिणगी पडली. आठ वार! अरे, आपली आजी उभी-आडवी मिळून नऊ वारांत मावायची आणि पदर खांद्यावरून खाली यायचा. चौतीस कमरेच्या काटकुळ्या पोराला गुडघ्यापर्यंत आठ वार? मी म्हटलं, या शिवणाऱ्या बाईने चार वार मारलेच.

मागच्या रविवारी दोघं जेवायला आली, तेव्हा मी माझी नऊवारी काढली आणि फर्गसला हॉलमध्ये उभं केलं. म्हटलं, हलू नकोस. कमरेला एक वेढा दिला आणि मागे निऱ्या घालायला लागले. नंदू पेपरात तोंड खुपसून हसत होता. स्वराली ओरडली, "आई, तू त्याला साडी का नेसवतो? सोड ना त्याला!" मी म्हटलं, ऑडिट चाललंय, मध्ये बोलू नकोस.

पाच वारांत झालं की रे! व्यवस्थित निऱ्या, पुढे सपाट पदर, सगळं झालं. वर तीन-चार वार लोळत होतं जमिनीवर. मी विजयाने बघितलं त्याच्याकडे. तर तो साडीत उभ्या उभ्या मला म्हणतो, "मधूआंटी, तुमच्या साडीला चौकट नाहीये." मग त्याने फोनवर दाखवलं. किल्टच्या मागच्या निऱ्या अशा मोडायच्या असतात की प्रत्येक निरीवर चौकटीतली तीच रेघ त्याच जागी यावी. निऱ्या मिटलेल्या असल्या तरी मागून अख्खं कापड अखंड दिसलं पाहिजे. म्हणून एकेका निरीत वीतभर कापड आत जातं. अशा पंचवीस-तीस निऱ्या, आणि सगळ्या हाताने टाचायच्या.

मी घरातल्या चौकटीच्या टॉवेलवर करून बघितलं. तीन टॉवेल लागले. बरोबर आहे त्याचं. आठ वार लागतात.

तर कापड मान्य, पण शिलाई? मी त्या बाईला फोन लावला. पर्थजवळच्या गावात राहते, एकटी शिवते, एका किल्टला तिला आठवडा लागतो. आठवड्याचे चारशे सत्तर म्हणजे तासाला किती पडतात, ते मी लगेच मांडलं. आणि पेन्सिल खाली ठेवली. आमच्या ऑफिसात चहाच्या मशीनमध्ये नाणी भरणारा याहून जास्त कमवायचा. जाता जाता तिला सांगितलं, जरा वाढत्या अंगाचा शिवा, लग्नानंतर जावई सुटतात. ती इतकी हसली! म्हणाली, कमरेचे पट्टे पुढेमागे करता येतात, आत कापड असतं, तुमचे नातूही घालतील.

एवढं सगळं पटूनही मला वाटतंय काहीतरी लपवतायत. मी खोलीत गेले की स्वराली लॅपटॉप मिटते. शनिवारी ब्रिस्टलला जाते म्हणते, फर्गसकडे. पण परवा ती ब्रिस्टलला होती आणि फर्गस इथून जवळच, मेडनहेडला ऑफिसच्या ट्रेनिंगला. मग ही कुणाकडे गेली होती?

तुला हे का लिहितेय, विचारशील. कारण माझे संशय ऐकून घेणारा दुसरा कुणी मला मिळाला नाही. लहानपणीही तूच ऐकायचास. आईच्या तेराव्याला माणसं दमलेली असतात दादा, एखादा शब्द जातो तोंडातून. त्याला सात वर्षं कुणी धरून बसतं का?

मधू

ईलिंग, २३ फेब्रुवारी

दादा,

पकडलं! मी म्हणत होते ना!

स्वरालीने लग्नाच्या बजेटची शीट माझ्याबरोबर शेअर केलीय. स्क्रीनवर माझा विश्वास नाही, मी प्रिंट काढते आणि पेन्सिल घेऊन बसते. तर 'पोशाख' खाली काय? किल्ट ए आणि किल्ट बी! नवरा एक, किल्ट दोन! दोन्ही त्याच बाईकडे, दोन्ही त्याच कापडाचे, फर्गसच्या घराण्याच्या चौकटीचे. आणि या किल्ट बीचं नाव माझ्यासमोर एकदाही कुणी काढलेलं नाही.

माप वाचून तर मी हादरलेच. कंबर त्रेचाळीस, लांबी एकवीस. फर्गसची लांबी पंचवीस आहे. त्याचा बाप त्याच्याहून उंच, भाऊ ताडमाड. मग त्रेचाळीस कमरेचा हा बुटका ढेरपोट्या कोण? कुणीतरी काका-बिका असणार, फुकटात मिळतोय म्हटल्यावर माझ्या यादीत घुसलेला. पेरोलमध्ये याला आम्ही भूत म्हणायचो. माणूस अस्तित्वात नाही, पण पगार दर महिन्याला निघतोय. अशी तीन भुतं पकडलीयत मी आयुष्यात.

स्वरालीला विचारलं. तिचा चेहरा पडला. म्हणाली, "आई, प्लीज, ते तू बघू नको. ते तुझ्यासाठी नाही." मी विचारलं, पैसे कोण भरणार? तर म्हणते, "तू नाही." बस्स, एवढंच. मी नाही, तर मग नंदू? त्याच्या पासबुकात तर काही दिसलं नाही, मी बघितलं.

मग मी माझं काम केलं. लग्नासाठी मुलांनी एक कॉमन ईमेल उघडलाय, त्यावरून त्या बाईला लिहिलं: मी वधूची आई, किल्ट बी रद्द करावा, कारण त्याला आमची संमती नाही. तिचं लगेच उत्तर आलं, खात्री आहे ना, कारण माझी रांग मोठी आहे, ही जागा दुसऱ्याला जाईल. मी लिहिलं, शंभर टक्के खात्री आहे.

इतकं हलकं वाटतंय मला दादा. आज नंदूला न सांगता दोन कप चहा जास्त प्याले.

एक आपलं सांगते. माझी नजर सहसा चुकत नाही. आईच्या वेळी मी जे विचारलं ते विचारायचा मला हक्क होता, एवढंच माझं म्हणणं आहे. नंतर वहिनीने पोस्टाने जी फाइल पाठवली, ती मी नीट उघडूनसुद्धा बघितली नाही.

मधू

ईलिंग, ९ मार्च

दादा,

हे पत्र तिसऱ्यांदा लिहितेय. आधीचे दोन कागद फाडले.

शुक्रवारी त्या कॉमन ईमेलवर निरोप आला. किल्ट बी रद्द झाल्यामुळे आगाऊ भरलेली रक्कम श्री. शशिधर परचुरे, ब्रिस्टल, यांच्या खात्यात २४ फेब्रुवारीलाच परत पाठवली आहे.

मी ते नाव चार वेळा वाचलं. माझ्याच माहेरचं आडनाव मला परकं वाटलं.

मग प्रिंटचं दुसरं पान शोधलं. शीट रुंद आहे, शेवटचा रकाना एका पानावर मावला नव्हता. दुसऱ्या पानाच्या मागे नंदूने भाजीची यादी लिहिली होती, कोथिंबीर, दोन फ्लॉवर, आलं. उलटं केलं तर रकान्याचं नाव, 'पैसे कोणी भरले'. किल्ट बीपुढे, मामा. तीस वर्षं दुसऱ्यांच्या चुका काढत बसलेली मी, आणि मला शेवटचा रकाना बघायचं सुचलं नाही.

स्वरालीने त्या रात्री मला सगळं सांगितलं. ओरडत सांगितलं, निम्मं इंग्लिशमध्ये. ती युनिव्हर्सिटीत असल्यापासून तुमच्याकडे येतेय. सात वर्षं! दर महिन्याला एक शनिवार, वहिनीच्या हातचं जेवून परत. डिसेंबरमध्ये फर्गस तुझ्याकडे आला आणि म्हणाला, तिला माझ्यापर्यंत घेऊन येणारा माणूस आमच्या घराण्याच्या चौकटीत असावा, असं मला वाटतं. आणि तू, ज्याने स्वतःच्या लग्नातही फेटा बांधून घ्यायला नकार दिला होता, तू हो म्हणालास. अट एकच घातलीस, मधूला मी मांडवात दिसेन, तोवर तिला सांगू नका.

मी मात्र तुला लेखी कळवून टाकलं की वधूच्या आईची संमती नाही. तुझ्या खात्यात पैसे परत आले तेव्हा तुला काय वाटलं असेल, त्याचा विचार करवत नाही. तुला वाटलं असणार, मधूला कळलं आणि तिने दार लावून घेतलं. आणि त्याच आठवड्यात तुझ्या हातात माझं पत्र, ढेरपोट्या, भूत, फुकट्या! दादा, मला माहीत नव्हतं रे. आईची शपथ, माहीत नव्हतं.

आईचं नाव घेतलंच आहे, तर आता तेही लिहिते. मागच्या पत्रात खोटं लिहिलंय मी. वहिनीची ती फाइल मी उघडली होती. पहिल्याच दिवशी उघडली. दोन संध्याकाळी बसून पहिल्या कागदापासून शेवटपर्यंत तपासली. आईला सरकारकडून आठवड्याला मिळणारा अलाउन्स कुठे गेला, असं मी तेराव्याला पंगतीत सगळ्यांसमोर विचारलं होतं. डायपर, केमिस्ट, हॉस्पिटलच्या टॅक्सी, रात्रीची नर्स, एकेक पावती महिन्याप्रमाणे स्टेपल केलेली होती. अलाउन्स संपून तुमच्या खिशातून किती गेले, तोही आकडा त्यात होता. वहिनीने शाळेतली नोकरी सोडली होती, त्याची पावती नव्हती कुठे.

तेव्हा एक फोन करायचा होता. केला नाही. आपलं चुकलं हे कळायला दोन संध्याकाळी लागल्या आणि म्हणायला सात वर्षंही पुरली नाहीत. ती फाइल लॉफ्टमध्ये टाकली आणि तूच कसा हट्टी आहेस, हे लोकांना सांगत राहिले. चुकले मी, दादा. मला माफ कर.

आता कामाचं. काल त्या बाईला फोन केला, रडले तिच्यापाशी. तुझी जागा दुसऱ्याला गेलीय. जूनच्या आधी तिच्याकडे आपली एकच जागा उरलीय, ती फर्गसची. फर्गसला हे सांगितलं तर क्षणभरही न थांबता म्हणाला, मग मामांचा शिवा, मी आजोबांचा घालतो. त्याच्याबद्दल मी तुला पहिल्या पत्रात काय काय लिहिलं होतं, ते कृपा करून विसर.

पण बाई कडक आहे. म्हणाली, या वेळी ज्याच्या अंगावर जाणार त्याने स्वतः मापावर सही करून दिली तरच कात्री लावीन, वधूच्या आईचा ईमेल चालणार नाही. तिचं बरोबर आहे. मापं तीन हवीत. बेंबीपाशी कंबर, बसायच्या जागेचा घेर, आणि बेंबीपासून गुडघ्याच्या वाटीच्या मध्यापर्यंत लांबी. तिला ती २१ मार्चपर्यंत हातात हवीत, नाहीतर लग्नाआधी होणार नाही.

कागद सोबत ठेवलाय. फॉर्मवरची मामाची ओळ अजून रिकामी आहे. स्वराली माझ्याशी बोलत नाही. तिने फक्त एवढंच सांगितलंय, मामा आला नाही तर ती एकटी चालेल, आणि तिने मागे वळून बघावं अशी अपेक्षा मी करू नये.

ये रे दादा.

मधू

ब्रिस्टल, १४ मार्च

चि. मधू,

तुझी चारही पत्रं पोचली. चारही वाचली. तिसरं तुझ्या वहिनीने, आशाने मोठ्याने वाचून दाखवलं, 'ढेरपोट्या'पाशी थांबली आणि सात वर्षांत पहिल्यांदा तुझ्या नावावर हसली. पैसे परत आले त्या दिवशी मात्र या घरात कुणी हसलं नव्हतं. जेवलंही नव्हतं.

मापं घेतली आहेत. टेप आशाने धरली. कंबर त्रेचाळीस नाही, चव्वेचाळीस झाली आहे. कागदावर सही केली आहे.

तू माझी माफी मागितलीस. ती मला पोचली, माझ्यापुरता विषय संपला. मुलीचा मामा मी आहे आणि तिला मीच नेणार, हे स्वरालीला आजच फोन करून सांगितलं. पण तेराव्याला तू प्रश्न मला विचारला नव्हतास. पंगतीत वाढत होती ती आशा. हातातलं भांडं तसंच घेऊन ती आत गेली. नंतर महिनाभर रात्री जागून पावत्या लावत बसायची, मी नको म्हणत असताना. तुझ्या चार पत्रांत तिच्यासाठी काय आहे, ते मी शोधलं. पहिल्यात 'वहिनीला विचारलंय म्हणून सांग' आहे. चौथ्यात तिच्या पावत्या आहेत.

मामा एकटा उभा राहत नाही, मामीही लागते. आणि घरच्या सुनेला, जिने तुझ्या आईचं पाच वर्षं सगळं केलं तिला, लग्नाचं बोलावणं मी मला आलेल्या पत्रातून वाचून दाखवणार नाही. आपल्यात ते घरी येऊन, हळदकुंकू लावून, हातावर अक्षता ठेवून करतात. तुला हे मी शिकवायला नको.

म्हणून सहीचा कागद पोस्टाने पाठवत नाही. त्या बाईला तो २१ला हवा आहे, तेव्हा उद्या-परवाच ये आणि घेऊन जा. पॅडिंग्टनहून ट्रेन तुला माहीत आहे. स्टेशनवर मी येणार नाही, टॅक्सी कर. बेल वाजवलीस की मी वरच्या खोलीत असेन.

दार आशा उघडेल.

दादा